ब्रिजमध्ये पाने मोजण्याचा सराव कसा करावा?

चौथा_भिडू

नमस्कार मंडळी. मेंढीकोट आणि जजमेंट खेळून मग ब्रिजकडे वळलेल्या अनेकांप्रमाणे मलाही बोलीची भाषा लवकर जमली. फिनेस (प्रतिपक्षाचे मोठे पान कोणाकडे आहे हे ताडून लहान पानाने हात घेण्याची चाल) कधी घ्यावा आणि हुकूम कधी काढावेत हेही बऱ्यापैकी कळू लागले आहे. पाने मोजणे मात्र अजून अंगवळणी पडलेले नाही. पहिले चार-पाच हात होईपर्यंत कोणत्या रंगाची किती पाने गेली हे ध्यानात राहते. पण मध्येच कुठे थांबून विचार करावा लागला की सगळी गणती विस्कटते आणि शेवटचे चार हात अंदाजाने खेळावे लागतात. ब्रिजमध्ये चार खेळाडूंना चार दिशांची नावे असतात; क्लबमधले मुरलेले खेळाडू नवव्या-दहाव्या हाताला 'पूर्वेकडे आता दोन चौकट आणि एक किलवर आहे' असे सहज सांगतात, आणि ते बरोबरही निघते.

माझे प्रश्न असे आहेत. ही मंडळी बावन्न पाने ध्यानात ठेवतात की त्यांची काही वेगळी पद्धत असते? चारही रंग एकदम मोजायला शिकावे की एकेक रंग घ्यावा? आणि टेबलापासून दूर, घरी एकट्याने करता येईल असा सराव कोणता? ज्यांनी हे प्रयत्नपूर्वक आत्मसात केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर_दक्षिण

चांगला विषय काढलात. बोलीच्या पद्धतींवर तासन्तास वाद घालणारे पुष्कळ भेटतात, पण खेळ ज्याने खरोखर सुधारतो त्या मोजणीबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

बावन्न पाने कोणीही पाठ ठेवत नाही. पहिली उतारी होऊन डमीची (बोली जिंकणाऱ्याच्या भिडूची) पाने टेबलावर आली की तुमची तेरा आणि डमीची तेरा अशी सव्वीस पाने तुमच्या डोळ्यांसमोर असतात. उरलेली सव्वीस दोन हातांत कशी विभागली आहेत एवढाच प्रश्न राहतो, आणि एकाची पाने कळली की दुसऱ्याची आपोआप कळतात. म्हणजे खरी मोजणी एकाच माणसाच्या तेरा पानांची आहे.

पहिली सवय बदलावी ती ही, की गेलेली पाने मोजू नयेत. प्रत्येक फेरीला चार, आठ, बारा अशी बेरीज करत बसले की मध्ये कोणी भलत्या रंगाचे पान टाकताच घोटाळा होतो. त्याऐवजी डमी टेबलावर येताच 'हुकमाची आपल्याकडे आठ, बाहेर पाच' असे मनाशी म्हणावे. पुढे फक्त प्रतिपक्षाने त्या रंगाचे पान टाकले की तेवढा आकडा कमी करावा. दोघांनी पाने दिली, पाचाचे तीन झाले. पुन्हा दोघांनी दिली, एक उरले. आपली आणि डमीची पाने यात धरायचीच नाहीत, कारण ती दिसतातच.

दुसरी गोष्ट विभागणीच्या साच्यांची. तेरा पानांची चार रंगांत विभागणी एकूण ३९ प्रकारांनी होऊ शकते, पण त्यांतले ४-४-३-२, ५-३-३-२, ५-४-३-१, ५-४-२-२ आणि ४-३-३-३ हे पाचच साचे मिळून ७१ टक्क्यांहून अधिक वेळा येतात. यांत ६-३-२-२, ६-४-२-१, ६-३-३-१, ५-५-२-१ आणि ४-४-४-१ यांची भर घातली की बहुतेक सगळे आलेच. हे साचे पाढ्यांसारखे तोंडपाठ करावेत. 'पाच, चार, एक' म्हटले की बेरीज-वजाबाकी न करता 'तीन' असे तोंडून निघाले पाहिजे.

यातली सोय अशी, की एका खेळाडूच्या चार रंगांची बेरीज तेरा असते आणि एका रंगाची चार खेळाडूंतली बेरीजही तेराच असते. तेच साचे दोन्हीकडे चालतात. माझ्याकडे इस्पिकची पाच, डमीत तीन आणि पश्चिमेने एकच देऊन नंतर दुसरा रंग टाकला, तर पूर्वेकडे चार होती हे ५-४-३-१ या साच्यावरून त्याच क्षणी कळते.

घरच्या सरावासाठी रस्त्यावरच्या गाड्यांचे नंबर फार उपयोगी पडतात. कोणत्याही नंबरातले पहिले तीन आकडे घ्यावेत आणि त्यांची बेरीज तेराच्या आत असेल तर चौथा मनात म्हणावा. बसमध्ये, सिग्नलला, कुठेही हे करता येते आणि काही आठवड्यांत साचे जिभेवर बसतात.

किलवर_नव्वी

वरच्या प्रतिसादातील साच्यांच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु नवख्या खेळाडूने दोन हातांचा पूर्ण हिशेब लगेच ठेवावा, याला माझी हरकत आहे. शिकवताना मी नेहमी असे पाहतो, की चारही रंगांचा ताण एकदम घेतलेला माणूस कोणत्याच रंगाची खात्री देऊ शकत नाही आणि निराश होऊन मोजणेच सोडतो. सुरुवातीला फक्त हुकूम मोजावेत. ते न अडखळता जमू लागले की एक बाजूचा रंग जोडावा. नो-ट्रम्प (बिनहुकमी डाव) असेल तर ज्या रंगावर आपले हात उभे राहायचे आहेत तो आधी मोजावा.

उत्तर_दक्षिण

@किलवर_नव्वी, शिकण्याचा क्रम म्हणून आपले म्हणणे योग्य आहे. मला एवढेच सुचवायचे आहे, की फक्त हुकूम मोजण्याची सवय जडली की अनेक जण वर्षानुवर्षे तिथेच थांबतात. कारण हुकूम मोजल्याने डाव बुडण्यापासून वाचतो, पण अडलेली राणी कुठे आहे ते कळत नाही. ते कळण्यासाठी एका माणसाचे तेराही हिशेबात धरावे लागतात. म्हणून मोजणी भले एका रंगाची असो, 'पश्चिमेची विभागणी काय असेल?' हा प्रश्न पहिल्या दिवसापासून मनात असावा.

डमी_उघडा

नुसत्या वर्णनापेक्षा एक डाव मांडून दाखवतो. कॅट घेऊन पाने लावून पाहिल्यास अधिक चांगले.

पाने पश्चिमेने वाटली आहेत आणि पश्चिमेनेच पहिली बोली तीन बदामची केली. उत्तर पास, पूर्व पास, दक्षिणेने तीन इस्पिक म्हटले आणि उत्तरेने चार केले, म्हणजे तेरापैकी दहा हात करायचे. तुम्ही दक्षिण आहात.

उत्तर (डमी): इस्पिक राजा-९-६-२, बदाम ८-५, चौकट एक्का-गुलाम-९, किलवर राजा-७-५-२.

दक्षिण: इस्पिक एक्का-राणी-गुलाम-१०-५, बदाम ७-४, चौकट राजा-१०-४, किलवर एक्का-८-३.

पश्चिमेने बदामचा एक्का आणि राजा वाजवला. पूर्वेने पहिल्यावर दुर्री आणि दुसऱ्यावर राणी दिली. तिसऱ्या हाताला पश्चिमेने किलवरची दश्शी उतरली. दोन बदाम गेले आहेत, तिसरे किलवर जाणारच आहे, म्हणजे चौकटीत एकही हात जाता कामा नये. चौकटची राणी कोणाकडे आहे यावर डाव ठरणार. फिनेस दोन्ही बाजूंनी घेता येतो, आणि नेमके म्हणूनच बहुतेक जण नाणे उडवल्यासारखा एक बाजू निवडतात.

तसे करायचे नाही. आधी हिशेब मांडायचा. बाहेर बदामची नऊ पाने आहेत. तीनच्या बोलीने पश्चिमेकडे साधारण सात पाने दिसतात, म्हणजे पूर्वेकडे दोन, आणि पूर्वेने दोन्ही फेऱ्यांना बदाम दिले आहे. इथपर्यंत सगळे जुळते. किलवरची दश्शी हातातल्या एक्क्याने घ्या आणि हुकूम काढा. बाहेर चार हुकूम आहेत. पहिल्या फेरीला दोघांनी दिले, दोन उरले. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीला पश्चिमेने दिले, पूर्वेने मात्र चौकटची दोन लहान पाने टाकली. पश्चिमेकडे तीन हुकूम, पूर्वेकडे एक.

आता महत्त्वाची पायरी. चौकटला हात लावू नका. किलवरचा राजा वाजवा आणि तिसरे किलवर सोडून द्या. हा हात कधीतरी जाणारच होता. तो आत्ताच दिला तर त्याच्या बदल्यात माहिती मिळते. राजावर दोघांनी किलवर दिले, तिसऱ्यावर पश्चिमेने बदाम टाकले आणि पूर्वेने हात घेतला. पूर्व चौकट उतरेल तर आपलेच काम सोपे करील, म्हणून तो चौथे किलवर उतरतो आणि तुम्ही हुकूम मारता.

थांबा आणि बेरीज करा. पश्चिम: सात बदाम, तीन इस्पिक, दोन किलवर. झाली बारा. चौकटचे एकच पान उरले. बाहेर चौकटची सात पाने होती, त्यांतली सहा पूर्वेकडे. राणी पूर्वेकडे असण्याची शक्यता सहास एक अशी आहे. पश्चिमेकडे समजा सहाच बदाम असतील, तरी चौकट दोन आणि पाच अशी होते आणि निष्कर्ष बदलत नाही. शिवाय पश्चिमेने बदाममध्ये एक्का, राजा हे सात पॉइंट (एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १) दाखवले आहेत आणि गुलामही तिच्याकडेच असणार. त्यावर चौकटची राणी असती तर तीन बदाम अशी अडवणुकीची बोली करताना तिने विचार केला असता. दोन्ही पुरावे एकाच दिशेने बोट दाखवतात.

म्हणून हातातून चौकटची चव्वी उतरून डमीच्या एक्क्याने घ्या. पश्चिमेचे एकटे पान राणीच असेल तर ते इथेच पडेल. पडले नाही, तर डमीतून गुलाम उतरा आणि पूर्वेने राणी घातली नाही तर हातातून राजा न घालता दश्शी देऊन त्याला तसाच जाऊ द्या. पश्चिमेकडे चौकट उरलेलेच नाही. गुलाम चालतो, राजाने तिसरा हात होतो आणि चार इस्पिक पुरे होतात.

बदाम_दुर्री

फारच छान समजावलेत, काका. एक शंका आहे. इथे पश्चिमेच्या बोलीमुळे सात पाने आयती कळली. प्रतिपक्ष एक शब्दही बोलला नसेल तर मोजणी कुठून सुरू करायची?

डमी_उघडा

न बोलणे हीसुद्धा माहितीच असते. कॅटमध्ये एकूण ४० पॉइंट असतात आणि डमी आली की प्रतिपक्षाकडे मिळून किती आहेत हे लगेच काढता येते. पूर्वेने पहिल्याच संधीला पास दिला असेल आणि खेळात तिच्याकडून एक राजा, एक एक्का, दुसरा राजा असे दहा पॉइंट दिसले, तर आणखी एक्का तिच्याकडे असूच शकत नाही, कारण चौदा पॉइंटांवर तिने बोली केली असती. त्यामुळे तो पश्चिमेकडे आहे असे धरून खेळायचे. सुरुवातीला पानांची मोजणी जड वाटत असेल तर पॉइंटांपासून आरंभ करायलाही हरकत नाही. आकडे कमी असतात आणि चित्रांची पाने डोळ्यांत भरतात.

टक्क्यांचा आधार तेव्हा घ्यावा जेव्हा दुसरे काहीच हाती नसते. बाहेर पाच पाने असतील तर ती ३-२ अशी सुमारे ६८ टक्के वेळा असतात, चार असतील तर ३-१ ही विभागणी सुमारे ५० टक्के आणि २-२ ही सुमारे ४१ टक्के, आणि सहा असतील तर ४-२ ही सुमारे ४८ टक्के व ३-३ ही सुमारे ३६ टक्के वेळा येते. सम संख्येतली पाने समसमान फुटतील अशी आपली आशा असते, पण आकडे तसे सांगत नाहीत, हे मात्र पक्के ध्यानात ठेवावे. कोणी बोली केली, कोणी एखाद्या रंगात पान दिले नाही, की हे आकडे बदलतात आणि प्रत्यक्ष मोजणी त्यांच्यापेक्षा वरचढ ठरते.

पूर्वेची_बाजू

आतापर्यंत सगळे डिक्लेररच्या (बोली जिंकून डाव खेळणाऱ्याच्या) खुर्चीतून लिहिले गेले आहे. ब्रिजमध्ये डमीचे डाव सोडले तर उरलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डाव आपण बचावात असतो, आणि माझ्या मते मोजणीचा खरा कस तिथेच लागतो, कारण डिक्लेररला स्वतःच्या बाजूची सव्वीस पाने दिसतात आणि आपल्याला भिडूची दिसत नाहीत.

बचावात दोन साधने अगदी पहिल्या हातापासून कामी येतात. एक म्हणजे पॉइंटांची वजाबाकी. डिक्लेररने एक नो-ट्रम्पने सुरुवात केली आणि त्या बोलीचा अर्थ १५ ते १७ असा ठरला आहे असे धरा. डमीत ९ दिसतात, माझ्याकडे ८ आहेत. भिडूकडे ६ ते ८ उरले. त्याच्याकडे दोन एक्के असतील ही कल्पना जवळपास इथेच फेटाळली जाते, कारण मग त्याच्याकडे दुसरे काहीच असता कामा नये.

दुसरे साधन म्हणजे अकराचा नियम. भिडू लांब रंगातले वरून चौथे पान उतरतो असा आपला संकेत असेल, तर त्या पानाचा आकडा अकरातून वजा करावा. येणारे उत्तर म्हणजे त्या पानाहून मोठी अशी किती पाने उरलेल्या तीन हातांत आहेत. समजा भिडूने सत्ती उतरली, डमीत राजा-९-३ आहे आणि माझ्याकडे एक्का-गुलाम-४. अकरातून सात गेले, उरले चार. डमीत सत्तीहून मोठी दोन, माझ्याकडे दोन. चार पुरी झाली, म्हणजे डिक्लेररकडे सत्तीहून मोठे एकही पान नाही. डमीतून तिर्री आली तर मी निर्धास्त चव्वी देऊ शकतो. भिडूची सत्तीच हात घेते आणि उतारी त्याच्याकडेच राहते.

किलवर_नव्वी

याला जोडून सांगतो, की भिडूचे मोजणीचे संकेत पाहायला विसरू नये. सम पाने असतील तर आधी मोठे मग लहान, विषम असतील तर आधी लहान मग मोठे, हा नेहमीचा प्रघात आहे. हे संकेत दिले जातात खूप, वाचले जातात फार कमी.

साठीनंतर

मी निवृत्तीनंतर ब्रिज शिकलो, त्यामुळे 'या वयात स्मरणशक्ती कुठून आणायची?' हा प्रश्न मलाही अनेकांनी विचारला. त्यांना मी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेची आठवण करून देतो. तिथे पुरुषांच्या जोड्यांत भारताला सुवर्णपदक मिळवून देणारे प्रणब बर्धन साठ वर्षांचे होते आणि त्यांचे भिडू शिबनाथ सरकार छप्पन्न वर्षांचे.

आमच्या गटात एक सराव चालतो तो सुचवतो. डुप्लिकेटमध्ये (तेच डाव अनेक टेबलांवर खेळले जातात त्या प्रकारात) खेळलेली पाने टेबलाच्या मध्यभागी गोळा होत नाहीत; प्रत्येकाने आपापल्या पुढ्यात ओळीने पालथी ठेवलेली असतात आणि शेवटी ती बोर्डाच्या खणात परत जातात. याचा फायदा घ्यावा. डाव संपला की लगेच पाने उघडून न पाहता पश्चिमेची मूळ तेरा पाने कागदावर लिहावीत, निदान चार आकडे तरी लिहावेत, आणि मग सर्वांच्या संमतीने खणातली पाने काढून ताडून पाहावीत. चुकले तर कोणत्या फेरीला धागा सुटला हेही शोधता येते, कारण पालथ्या पानांचा क्रम अजून तसाच असतो. म्हणूनच पाने मध्येच मिसळू नयेत. संगणकावर बीबीओ (ब्रिज बेस ऑनलाइन) या संकेतस्थळावर खेळणाऱ्यांना हेच अधिक सोपे जाते. डाव संपल्यावर चारही हात दिसतात आणि प्रत्येक फेरी पुन्हा पाहता येते.

चौथा_भिडू

सर्वांचे मनापासून आभार. बाहेरची पाने उलटी मोजत जाणे आणि साचे पाठ करणे या दोन्ही गोष्टींनी फरक पडू लागला आहे. दोन लहान प्रश्न राहिले. खेळताना छोट्या कागदावर आकडे टिपले तर चालते का? आणि मधला एखादा हात विसरला तर मागचा हात उघडून पाहता येतो का?

उत्तर_दक्षिण

स्पर्धेच्या नियमांनुसार दोन्हींना परवानगी नाही. बोली आणि खेळ चालू असताना स्मरणाला किंवा हिशेबाला साहाय्य करणारे कोणतेही साधन वापरता येत नाही. चालू हातातले आपले पान तुम्ही पालथे केलेले नसेल तोवर इतरांची पाने दाखवायला सांगू शकता. एकदा हात मिटला की मिटला. त्यामुळे घरच्या सरावातही कागद फक्त डाव संपल्यावर घ्यावा, नाहीतर मनाला कागदाची सवय लागते.

विचाराची जागा मात्र तुम्ही ठरवू शकता. डमीतले पहिले पान खेळण्यापूर्वी हवा तेवढा वेळ घ्या आणि बाहेरचे चारही आकडे, प्रतिपक्षाचे पॉइंट आणि झालेली बोली एकदा मनात फिरवा. पुढचा थांबा तेव्हा, जेव्हा कोणी एखाद्या रंगात पान देऊ शकत नाही. त्या क्षणी एक आकडा निश्चित होतो. तो तिथेच पक्का करून मगच पुढचे पान उतरावे.

डमी_उघडा

@चौथा_भिडू, आता तुम्हालाच एक प्रश्न. पाने पूर्वेने वाटली आणि तिने एक इस्पिकने सुरुवात केली, पाच पानांच्या पद्धतीने. पुढच्या फेरीत तिने बदाम दाखवले, म्हणजे चार धरा. तुमचे आणि डमीचे मिळून २६ पॉइंट आहेत. खेळात किलवरचा राजा पश्चिमेकडून निघाला आणि किलवरच्या तिसऱ्या फेरीला पूर्वेने दुसरा रंग टाकला. बाहेर चौकटची सहा पाने आहेत, त्यांत राणी, आणि फिनेस दोन्ही बाजूंनी घेता येतो. राणी कोणाकडे धराल?

चौथा_भिडू

पूर्वेकडे पाच इस्पिक, चार बदाम, दोन किलवर, म्हणजे अकरा. चौकट दोन उरतात आणि पश्चिमेकडे चार. केवळ पानांकडे पाहिले तर राणी पश्चिमेकडे असण्याची शक्यता दुप्पट आहे. परंतु प्रतिपक्षाकडे मिळून १४ पॉइंट आहेत, त्यांतले तीन किलवरच्या राजाच्या रूपाने पश्चिमेकडे गेले, आणि उरले अकरा. चौकटची राणीही पश्चिमेकडे असेल तर पूर्वेने फक्त नऊ पॉइंटांवर पहिली बोली केली असे होईल. म्हणून मी राणी पूर्वेकडे धरून फिनेस तिच्याविरुद्ध घेईन.

डमी_उघडा

बरोबर. यात पानांची आणि पॉइंटांची मोजणी एकमेकांविरुद्ध जाते, म्हणून मुद्दाम दिला होता. आता हाच डाव पूर्वेने आधी पास दिला आहे असे धरून पुन्हा सोडवा आणि उत्तर इथेच लिहा.